उतारावरची मोटार आणि इंजिनाची रिकामी गती

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलेली मोटार परतीच्या वाटेला लागली, की अनेक चालकांचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे वळतो. गाडी न्यूट्रल करावयाची, ॲक्सिलरेटरवरचा पाय ब्रेकवर आणावयाचा आणि उताराच्या जोरावर खाली वाई गाठावयाची. तेवढेच पेट्रोल वाचले, असे त्यांना वाटते. अशा चालकाच्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारी तबकडी असेल, तर एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या नजरेस येते. उभ्या गाडीत जे इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर शांतपणे फिरत असते, तेच इंजिन गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत असताना हजार-अकराशे फेऱ्या दाखविते. गाडी थांबली, की काटा पुन्हा जागेवर! चालक गॅरेज गाठतो आणि ‘आयडलिंग वाढले आहे, कमी करून द्या’ असे सांगतो. बहुतेक वेळा गाडीत काहीही बिघाड नसतो.

हे असे का होते, हे कळण्यासाठी आयडलिंग म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे. इंजिन चाकांना जोडलेले नसले, तरी त्याला स्वतःचे काही ओझे असतेच. पिस्टनचे घर्षण, तेलाचा व पाण्याचा पंप, बॅटरी भारणारा आल्टरनेटर, वातानुकूलन असल्यास त्याचा कॉम्प्रेसर, हे सारे फिरते ठेवण्यापुरते इंधन जाळीत इंजिन ज्या किमान गतीने चालते, ती त्याची रिकामी गती होय. ही गती फार खाली आली तर इंजिन गचके खाऊन बंद पडते. फार वर गेली तर इंधन फुकट जळते.

जुन्या फियाट आणि अँबॅसिडर मोटारींत ही गती कार्बुरेटरवरचा एक स्क्रू ठरवीत असे. मिस्त्री कान देऊन तो स्क्रू पिळे आणि इंजिनाचा आवाज मनासारखा लागला, की काम झाले असे मानी. पण त्या स्क्रूला गाडी उभी आहे की धावते आहे, हे कळण्याची सोय नव्हती. सांगलीच्या सखल भागात बसविलेले आयडलिंग महाबळेश्वरच्या विरळ हवेत बिघडावे, यातही नवल नव्हते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सातवा हिस्सा कमी भरतो. हवा कमी आणि पेट्रोल जवळपास तेवढेच, त्यामुळे मिश्रण दाट होऊन इंजिन धूर ओकू लागे.

१ एप्रिल २००० पासून देशभर धुरासंबंधीची नवी मानके लागू झाली आणि त्या सुमारास नव्या पेट्रोल मोटारींतून कार्बुरेटर झपाट्याने मागे पडला. त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली आणि तिच्यावर देखरेख करणारा एक छोटा संगणक आला. इंजिनाच्या फेऱ्या, पाण्याचे तापमान, ॲक्सिलरेटरची स्थिती आणि गाडीचा वेग या सर्वांची खबर या संगणकाला क्षणोक्षणी मिळत असते. घरंगळणाऱ्या गाडीच्या कोड्याचे उत्तर येथे आहे. गाडी चालती आहे आणि चालकाने पाय काढला आहे, हे ओळखून बऱ्याच मोटारींत संगणक रिकामी गती जाणूनबुजून थोडी वर ठेवतो. चालक पुढच्याच क्षणी क्लच सोडून गिअर टाकील, एकाएकी ब्रेक दाबील किंवा चाक वळवील. अशा वेळी इंजिन बंद पडले, तर ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारे साहाय्य तुटेल. शे-दोनशे फेऱ्यांची ही शिल्लक सावधगिरीची आहे. याखेरीज पाय काढताच हवेची झडप एकदम न मिटता सावकाश मिटावी, अशीही योजना असते; त्यामुळे फेऱ्या हळूहळू उतरतात. हे आकडे प्रत्येक मोटारीचे निराळे असतात. शेजाऱ्याच्या तबकडीशी आपली ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आता पेट्रोल वाचविण्याचा प्रश्न. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन बंद पडण्याची भीती नसल्याने संगणक इंधनाची फवारणी साफ थांबवितो. फेऱ्या उतरत उतरत साधारण हजार ते दीड हजारांच्या दरम्यान आल्या, की फवारणी पुन्हा सुरू होते. म्हणजे घाट उतरताना गिअरमधली मोटार पेट्रोल घेत नाही आणि न्यूट्रलमधली मात्र आयडलिंगपुरते जाळीतच राहते. लहान मोटारीचे इंजिन रिकामे फिरताना तासाला अर्ध्या लिटरच्या आगेमागे पेट्रोल घेते. पसरणी घाटाच्या सुमारे बारा किलोमीटरांच्या उताराला पंचवीस मिनिटे लागली, तर पाव लिटराच्या आसपास पेट्रोल त्यात गेले. जे वाचविण्यासाठी न्यूट्रलचा खटाटोप केला, तेच हातचे गेले!

जुन्या चालकांची समजूत मात्र अगदीच निराधार नव्हती, हे सांगितले पाहिजे. कार्बुरेटरच्या मोटारीत पाय काढल्यावरही इंजिनाच्या ओढीने पेट्रोल आत येतच राही आणि फेऱ्या जितक्या अधिक तितके ते अधिक येई. १९७३ नंतरच्या तेलटंचाईच्या दिवसांत चालकांच्या अंगी ही सवय मुरली. यंत्र बदलले, सवय राहिली. डिझेल वाहनांच्या बाबतीत तर तिला पूर्वीही आधार नव्हता. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीचे पंप आणि त्यांच्या जोडीला फिरणारी ऑईल इंजिने सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवी नाहीत. पट्टा सुटून इंजिनावरचे ओझे गेले, की गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात आणि डिझेल आपोआप कमी होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. जुन्या मालट्रकचा गव्हर्नरही त्याच जातीचा. उतारावर गिअरमधल्या इंजिनाच्या फेऱ्या रिकाम्या गतीपेक्षा वर असतात, तेव्हा तो डिझेल तोडूनच टाकतो.

याहून महत्त्वाचा भाग ब्रेकचा आहे. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत सुमारे ६०० मीटरांचा फरक आहे. माणसांसह एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार तेवढी खाली आली, की जवळजवळ ५९ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत तिचा पाव-तृतीयांश हिस्सा खर्च होतो असे धरले, तरी चाळीस लाख जूल उरतात. एवढ्या उष्णतेने बादलीभर, म्हणजे बारा लिटर, थंड पाण्याला उकळी फुटेल. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर ही सारी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत आणि ड्रममध्येच साठत जाते. लायनर तापले, की त्यांची पकड ढिली पडते; ब्रेक ऑईल जुने होऊन त्यात पाणी शिरले असेल, तर त्याची वाफ होऊन पेडल थेट तळाला जाते. तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल, तर मिटलेल्या झडपेशी झगडत हवा ओढणारे पिस्टन यांतील बराचसा भार स्वतःवर घेतात आणि ब्रेकला वळणापुरते काम उरते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक यामुळेच खरा आहे.

इंजिन बंद करून उतरणे हा तर साहसाचाही पुढचा प्रकार! मोटारीत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी दोन-चार वेळा पेडल दाबताच संपते आणि पेडल दगडासारखे होते. मालट्रकमध्ये ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन थांबले, की टाकीतली हवा वापरली जाते, पण भरून येत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याजवळच्या नवले पुलापाशी सातारा-मुंबई मार्गाच्या उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात दिसून आले. यवतेश्वर, कुंभार्ली किंवा आंबेनळी या घाटांतून जाणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

सांगली-मिरज रस्त्यावर घाट नाही. तेथे गोष्ट निराळी. पुढे चौकात लाल दिवा दिसताच गिअरमध्येच पाय काढावा आणि फेऱ्या रिकाम्या गतीच्या जवळ आल्यावर, इंजिन गचके देण्यापूर्वी, क्लच दाबावा. अशा सपाट रस्त्यावर आयडलिंगची परीक्षाही करता येते. इंजिन पुरते तापलेले असताना आणि वातानुकूलन बंद ठेवून गाडी थांबवावी. काटा काही क्षणांत आपल्या जागी स्थिरावला, तर चालत्या गाडीतली वाढीव गती दोषाची नव्हे. गाडी थांबल्यावरही दीड-दोन हजार फेऱ्या राहिल्या, किंवा काटा झोपाळ्यासारखा वरखाली होऊ लागला, तर मात्र झडपेपलीकडे कोठून तरी फुकट हवा शिरत असते. फाटलेली रबरी नळी किंवा वाळलेले गॅस्केट याचे सामान्य कारण होय. क्लच दाबताच इंजिन बंद पडत असेल, तर हवेच्या झडपेभोवती काजळी साचली आहे काय, ते आधी पाहावे. हे काम साफसफाईचे असते. त्यासाठी झडपेचा मूळ स्क्रू पिळून रिकामी गती वाढवून घेऊ नये. संगणकाने धरलेला झडपेचा हिशेब त्याने चुकतो आणि पाय काढल्यावर इंधन तोडण्याची क्रियाही बिघडू शकते.