घड्याळावरील रेडियम : मूळचें कीं मागाहून लाविलेलें?

अमरावतीहून अकोल्यास रात्रीं मोटारीनें जातांना, मूर्तिजापूरच्या वाटेवर बैलगाड्यांच्या मागें लाविलेल्या पट्ट्या दिव्याच्या झोतांत लखलखतांना आपण पाहिल्या असतील. आपल्याकडे त्यांस ‘रेडियम’ म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक त्यांत रेडियमचा कणहि नसतो; पडलेला प्रकाश त्या परत फेंकतात, इतकेंच. खरें रेडियम क्यूरी पतिपत्नींनीं १८९८ सालीं शोधून काढिलें. पुढें तें झिंक सल्फाइडच्या भुकटींत मिसळून घड्याळांच्या आंकड्यांवर व काट्यांवर लावूं लागले, आणि तो लेप अंधारांत आपोआप प्रकाशत असे.

मुंबई व कलकत्ता येथें पेढ्या असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचीं घड्याळें एके काळीं आपल्या देशांत फार लोकप्रिय होतीं. तशांपैकीं एक, रेडियमच्या आंकड्यांचें, अकोल्याचे एक पालक गेल्या दिवाळींत मजकडे घेऊन आले. घड्याळ त्यांच्या आजोबांचें. आजोबा रेल्वेंत नोकरीस होते. ‘तबकडी नवी रंगवून घ्या, किंमत दुप्पट येईल,’ असें एका विक्रेत्यानें त्यांस सांगितलें होतें. रंगवावें कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्न.

मीं तें घड्याळ क्षणभर दिव्याखालीं धरून अंधाऱ्या खोलींत नेलें. काटे हिरवेगार उजळले आणि बराच वेळ उजळत राहिले, आंकडे काळेच. पालक म्हणाले, “म्हणजे काट्यांवरचें रेडियम खरें, आंकड्यांवरचें गेलें!” वस्तुस्थिति नेमकी उलट होती. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें. शंभर वर्षांत तें शंभरांतून चार भागच उणें होतें. परंतु त्याच्या अखंड माऱ्यानें झिंक सल्फाइड मात्र कांहीं दशकांतच निकामी होतें. दिव्यांत तेल आहे, पण वात जळून गेली, अशी ही स्थिति. म्हणून ऐंशी वर्षांचा लेप तेजानें चमकूं लागला, कीं तो मागाहून लाविलेला समजावा. गायगर मापक जवळ नेल्यास विझलेले आंकडेच टिकटिक करितात.

नुसत्या रंगावर विसंबूं नये. जुना लेप तपकिरी, कोरडा व भेगाळलेला दिसतो खरा, पण नव्या रंगांत तपकिरी छटा मिसळून तसा भास उत्पन्न करणारे कारागीर आहेत. मुंबईंत पुन्हा रंगविलेल्या तबकड्या इतक्या झाल्या कीं, परदेशचे संग्राहक अशा घड्याळांस ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवितात. भिंगांतून पाहतां त्यांचीं अक्षरें जाड व लेप आंकड्याच्या रेषेबाहेर गेलेला आढळतो. तळाशीं ‘स्विस’ शब्दाच्या दोहों बाजूंस इंग्रजी ‘टी’ हें अक्षर असेल, तर तो लेप रेडियमचा नसून ट्रिटियमचा. आणि ट्रिटियम वापरांत आलें तें साधारण १९६० नंतर. त्याहून जुन्या घड्याळावर ही खूण असल्यास तबकडी निश्चित बदललेली.

आमच्या घड्याळावर याहूनहि बोलकी खूण निघाली. चार वाजून वीस मिनिटांच्या जागीं तबकडीवर काट्यांची तपकिरी सांवली उमटली होती. घड्याळ बंद पडून वर्षानुवर्षें पेटींत राहिलें, तेव्हां काट्यांवरील मूळ रेडियमनें खालची तबकडी जाळिली. पुढें कोणीतरी काट्यांचा लेप खरवडून नवा भरला, आणि सांवली तेवढी मागें राहिली. तबकडी रंगविली असती, तर तीहि गेली असती.

खरवडणें हें तर भलतेंच धाडस. अमेरिकेंत न्यू जर्सींतील ऑरेंज गांवीं १९१७ पासून तरुण मुली या रंगाचे कुंचले ओठांनीं टोंकदार करीत. कित्येकींच्या जबड्यांचीं हाडें कुजलीं व अनेकींना प्राण गमवावे लागले. बंद कांचेआडचा लेप तितका घातक नसतो, पण त्याची धूळ श्वासांतून वा तोंडावाटे पोटांत जाणें वाईट. यास्तव मुलांनीं असलें घड्याळ कधींहि उघडूं नये, व तें निजण्याच्या खोलींतहि ठेवूं नये.

पालकांनीं घड्याळ तसेंच, न रंगवितां, परत नेलें. विक्रेत्यानें पुढें निम्मीच किंमत सांगितली म्हणे. त्यांनीं तें विकलें नाहीं.