जुन्या जीपचे ऑइल प्रेशर

लोहा, जि. नांदेड



इंजिनातला ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून तेलाला वाट काढावी लागते म्हणून. तुषार सिंचनाची नोझले झिजून मोठी झाली की मोटर चांगली असूनही शेवटच्या नोझलला पाणी चढत नाही, तसेच हे. म्हणून प्रेशर कमी दिसले तर तीनच शक्यता उरतात: पंपाला तेल पुरेसे मिळत नाही, तेल कुठेतरी सैलपणे निसटते आहे, किंवा मीटर खोटे बोलते आहे. तेलाची पातळी पाहून झाली की शोध या तिसऱ्या शक्यतेपासून सुरू करावा, कारण ती सर्वांत स्वस्त असते.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे एमएम ५४० आणि कमांडर आल्या. त्यांतल्या अनेक गाड्यांत २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन होते. लोहा-कंधार भागात वडाप करून आणि माळेगावच्या यात्रेचे प्रवासी वाहून झिजलेल्या या गाड्या आता शेतात आणि डोंगरउतारावर चालतात. तिथे ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की गॅरेजवाला लगेच 'हाफ इंजिन करावे लागेल' म्हणतो. हे निदान नव्हे, अंदाज आहे, आणि तोही महागडा.

मात्र दिवा लागताच इंजिन बंद करणे याला पर्याय नाही. दिव्याचा स्विच साधारण अर्ध्या किलोच्या खाली दाब गेल्यावरच दिवा लावतो; म्हणजे तो इशारा उशिराच देतो. गाडी सपाट जागी उभी करून, तेल खाली उतरू देऊन पट्टी पाहावी. पातळी कमी असेल तर चढावर किंवा वळणावर पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. पातळी वाढलेली असेल तर अधिक काळजी करावी: तेलाला डिझेलचा वास येत असल्यास फीड पंपाचा डायफ्राम फाटलेला असू शकतो, तेल दुधाळ झाले असल्यास पाणी शिरले आहे. पातळ झालेले तेल नव्या बेअरिंगमध्येही दाब धरत नाही.

तेल ठीक निघाले तर स्विचची वायर काढून पाहावी. तरीही दिवा पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. तो विझला तर स्विचच्या जागी हाताचा मेकॅनिकल गेज बसवावा आणि इंजिन पूर्ण गरम करून काटा वाचावा. थंड इंजिनाचा आकडा कोणालाही फसवतो. विलिसच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनासाठी किमान दाब स्लो रेसवर ६ पौंड आणि ताशी ३५ मैलांच्या वेगाला २० पौंड धरलेला आहे. डिझेल इंजिनाचा आकडा त्याच्याच पुस्तकातून घ्यावा, शेजारच्या गाडीवरून नाही.

पुढचे बरेचसे काटाच सांगतो. गरम इंजिनात स्लो रेसवर काटा पडतो आणि रेस वाढवली की सावरतो, तर संशय बेअरिंगवर जातो. रेस वाढवल्यावर उलट खाली येत असेल तर तेलाच्या चेंबरमधली जाळी गाळाने भरली असावी. काटा थरथरत असेल तर सक्शन पाइपाचा जोड हवा घेत असावा. दाब सर्वच वेगांना कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला आहे का ते आधी पाहावे, पंपाचे गिअर नंतर मोजावेत.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून काटा वर आणण्याची युक्ती गॅरेजमध्ये चालते. पण स्लो रेसवर तो व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो. तिथे वॉशरने काहीच होत नाही. जाड तेल भरणे ही तिचीच बहीण. काटा वर येतो, बेअरिंगची फट तेवढीच राहते. गाडी विकायची असेल तर ही युक्ती कामाला येते, वापरायची असेल तर नाही.

बेअरिंग पाहण्यासाठी बहुतेकदा इंजिन खाली उतरवावे लागत नाही. चेंबर काढून बिग एंडची एखादी कॅप उघडावी. शेलवर तांब्याचा रंग दिसला तर थर झिजला आहे. तळाच्या गाळात लोहचुंबक फिरवावा: चुंबकाला चिकटते ते लोखंड, न चिकटणारी चमक बहुधा बेअरिंगची. क्रँक मायक्रोमीटरने मोजावा. तो अंडाकार झाला असेल तर नुसते नवे शेल टाकणे व्यर्थ. क्रँक घासून दहा, वीस किंवा तीस साइजचे शेल बसवावेत आणि कॅम बुशही तेव्हाच तपासावेत. तेलाची एक वाट तिथूनही जाते, आणि बेअरिंग बदलूनही दाब न येण्याचे ते नेहमीचे कारण असते.

जोडणी झाल्यावर पंप तेलाने भरूनच बसवावा. डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारत राहावा, आणि गेजचा काटा हलल्यानंतरच इंजिन सुरू करावे.

— काका