गाडीचा रंग पुसताना जातो

गाडीच्या रंगाची सर्वाधिक झीज होते ती रोज सकाळी, घरासमोर, कोरड्या फडक्यानं. पहिली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, कारण याची किंमत मी मोजली आहे.

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबं राहतात. लूमवर, मिलमध्ये, कापड मार्केटात राबून, हप्ते बांधून माणूस गाडी घेतो. त्या गाडीवर माया असते, म्हणून ती रोज पुसली जाते. पण पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांचे बॉयलर कोळशावर चालतात. वारा इकडे वळला की सकाळी काचेवर बारीक काळी राख असते. जोडीला रस्त्याची धूळ आणि चालू बांधकामांची रेती. या रेतीतला क्वार्ट्झ मोहसच्या मापावर 7 इतका कठीण, तर चाकूचं पोलाद साधारण साडेपाच. कोरडं फडकं हेच कण रंगावर घासत नेतं.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला महिन्यानं माणूस लावला होता. एक बादली, एक फडकं, आणि सगळ्या गाड्या. माझी गाडी गडद रंगाची. काही महिन्यांत तिरप्या उन्हात बोनेटवर गोल गोल बारीक रेषा दिसू लागल्या. त्या घालवायला गाडी एका दुकानात दिली. तिथे मशीननं ‘रबिंग पॉलिश’ झालं आणि गाडी झळाळली. पुढे बोनेटच्या कडेला पांढुरका डाग उमटला, मग तिथला वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. अख्खं बोनेट पुन्हा रंगवावं लागलं.

तेव्हा रंगकाम करणाऱ्या कारागिरानं मला नीट समजावलं. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. ओरखडा या थरात पडतो, आणि पॉलिश करताना आजूबाजूचा थर घासून त्या ओरखड्याच्या पातळीवर आणला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला हा थर थोडा कमी होतो, आणि गेलेला परत येत नाही. वॅक्स मात्र काही काढत नाही, वरून पातळ संरक्षण देतं. हा फरक लक्षात राहिला की पुढचं सगळं सोपं आहे: धुणं इतकं चांगलं करा की पॉलिशची वेळच क्वचित येईल.

गाडी सावलीत, बोनेट हाताला थंड लागेल तेव्हाच धुवा. आधी हात न लावता वरून खाली भरपूर पाणी सोडा. सुटी धूळ आणि राख तिथेच निघून जाते. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून काढा आणि मगच परत शांपूत घाला. हात सरळ रेषेत फिरवा. छतापासून सुरुवात करा. चाकं शेवटी आणि वेगळ्या कापडानं. कपड्यांची पावडर वापरू नका, ती वॅक्स उतरवते. कापड खाली पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाजूला ठेवा.

आमच्याकडे वापरायला बोअरचं क्षारांचं पाणी. ते गाडीवर वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके उरतात, आणि उन्हात ते घट्ट बसतात. म्हणून शेवटचा हात शक्यतो नळाच्या पाण्याचा मारा आणि मोठा मऊ टॉवेल ठेवून लगेच पाणी टिपा, घासू नका. सोनगड-नवापूरमार्गे, कोंडाईबारी घाटातून गावी जाऊन आलात की बंपरवर किडे चिकटलेले असतात. त्यांवर आणि पक्ष्यांच्या विष्ठेवर ओलं कापड थोडा वेळ ठेवा, मग ते आपोआप सुटतात. हे काम उद्यावर टाकू नका, विष्ठेतलं आम्ल रंगात डाग पाडतं.

धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून अलगद बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर राखेचे, लोखंडाचे कण रुतून बसले आहेत. ते ओढून काढायला क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी मिळते; भरपूर ओली ठेवून हलक्या हातानं फिरवा. जमिनीवर पडलेला क्ले पुन्हा वापरू नका.

पॉलिश करायचंच असेल तर कंपाउंडला, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशला, हात न लावता सर्वात सौम्य पॉलिश घ्या आणि वीतभर जागेवर हातानं करून पाहा. तेवढ्यानं भागलं तर पुढे जाऊ नका. गोल फिरणारं रोटरी मशीन नवशिक्याचं नाही: एका जागी उष्णता साठते, आणि कडांवर थर सगळ्यात पातळ असतो. मशीन घ्यायचंच तर ड्युअल अॅक्शनचं (गोल फिरता फिरता हेलकावणारं) घ्या आणि कडांना टेप लावा. दुकानात देत असाल तर मशीन कोणतं, पॅड कोणतं आणि कडा झाकणार का, एवढं आधी विचारा. उत्तर टाळलं तर गाडी परत आणा.

शेवटी वॅक्स. कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. ते अगदी पातळ लावा, धुरकट दिसू लागलं की स्वच्छ कापडानं पुसा. जाड लावून जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. काळ्या प्लास्टिकवर लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

सुरतेचं ऊन आणि पावसाळा यांत ते फार महिने टिकत नाही, म्हणून तारीख पाहू नका, पाणी पाहा. धुताना बोनेटवर पाण्याचे गोल थेंब उभे राहिले तर वॅक्स शाबूत आहे. पाणी पसरू लागलं की नवा हात द्या. दोन बादल्या, शांपू, हातमोजा, टॉवेल आणि वॅक्सची डबी, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मशीन आणि कंपाउंडचे पैसे हप्त्याला ठेवा.