विज्ञानाच्या इंग्रजीतील सांध्याचे शब्द

एका भांड्यात 15 अंश सेल्सिअस तापमानाचे 1 किलोग्रॅम पाणी आहे असे समजा. इंग्रजी पुस्तकातील एका उदाहरणात लिहिले आहे, ‘द टेम्परेचर इज रेज्ड टु 40 डिग्रीज’. दुसऱ्यात लिहिले आहे, ‘द टेम्परेचर इज रेज्ड बाय 40 डिग्रीज’. प्रत्येक वेळी पाण्याला किती उष्णता द्यावी लागेल?

1 किलोग्रॅम पाण्याचे तापमान 1 अंशाने वाढवण्यास सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता लागते. पहिल्या उदाहरणात पाणी 15 अंशांवरून 40 अंशांपर्यंत गेले, म्हणजे 25 अंशांनी तापले. उत्तर 105 किलोज्यूल. दुसऱ्यात ते 40 अंशांनी तापले आणि 55 अंशांवर पोहोचले. उत्तर 168 किलोज्यूल. पाणी तेच, आकडे तेच, सूत्रही तेच. बदलला तो फक्त ‘टु’च्या जागी आलेला ‘बाय’.

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीच्या शास्त्र शाखेत येणाऱ्या मुलामुलींना धास्ती वाटते ती ‘ॲक्सिलरेशन’, ‘रिफ्रॅक्शन’ अशा भारदस्त शब्दांची. वस्तुतः हे शब्द गरीब असतात. त्यांना एकच अर्थ असतो आणि तो पाठ करता येतो. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन हे एकदा कळले की काम झाले. उत्तरपत्रिका तपासताना मला अडखळलेले विद्यार्थी दिसतात ते बहुधा ‘बाय’, ‘सिन्स’, ‘अंटिल’, ‘अनलेस’ या चिमुकल्या शब्दांपाशी. परिभाषेच्या कोणत्याही यादीत ते नसतात. सुताराच्या कामात फळ्यांपेक्षा सांधे महत्त्वाचे, तसे हे वाक्याचे सांधे होत.

इंग्रजीत या सांध्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. प्रिपोझिशन नामाच्या आधी बसते; आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते. कंजंक्शन म्हणजे आपले उभयान्वयी अव्यय. ते वाक्याला वाक्य जोडते. गोंधळ होतो तो दोन्ही जाती एकाच वाक्यात भेटतात तेथे. ‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’ ही जोडी घ्या. ‘बिकॉज ऑफ फ्रिक्शन’ म्हणजे घर्षणामुळे. ‘बिकॉज देअर इज फ्रिक्शन’ म्हणजे घर्षण असल्यामुळे. मराठीत दोन्हीकडे तेच ‘मुळे’ चालते. इंग्रजीत मात्र पुढे नुसते नाम असेल तर ‘ऑफ’ हवा, आणि कर्ता-क्रियापद असलेले पूर्ण वाक्य असेल तर तो नको.

मराठीला ‘ऑफ’ची अशी गरज का पडत नाही? कारण आपली भाषा क्रियापदाचेच नाम किंवा विशेषण करून टाकते आणि त्याला शब्दयोगी अव्यय चिकटवते. आदळणे या क्रियापदापासून ‘आदळण्यापूर्वी’, सुटणे पासून ‘सुटल्यापासून’, असणे पासून ‘असल्यामुळे’. इंग्रजी वाक्य मोडत नाही, ते अख्खेच्या अख्खे मागे जोडते. म्हणून तेथे काही शब्दांना दोन्ही नोकऱ्या कराव्या लागतात. ‘बिफोर द कोलिजन’ यात ‘बिफोर’ प्रिपोझिशन आहे; ‘बिफोर द स्टोन हिट्स द वॉटर’ यात तोच शब्द कंजंक्शन आहे. ‘आफ्टर’, ‘सिन्स’, ‘अंटिल’ यांचेही तसेच. पण ‘ड्युअरिंग’ला एकच नोकरी ठाऊक आहे, नामाची. त्यामुळे ‘ड्युअरिंग द स्टोन इज फॉलिंग’ हे चूक. तेथे ‘व्हाइल’ पाहिजे. ‘डिस्पाइट’ आणि ‘ऑल्दो’ यांच्यातही हीच वाटणी आहे.

दोन प्रिपोझिशने एकापुढे एक उभी राहिली म्हणजे काय करायचे? येथे एक मौज दिसते. ‘द लाइट कम्स फ्रॉम बिहाइंड द स्क्रीन’ हे वाक्य मराठीत म्हणा: प्रकाश पडद्यामागून येतो. ‘पडद्यामागून’ हा शब्द उकला. आधी पडदा, मग मागे, मग ऊन. इंग्रजीत आधी ‘फ्रॉम’, मग ‘बिहाइंड’, मग ‘स्क्रीन’. बरोबर उलटा क्रम, आरशातल्या प्रतिमेसारखा! ‘फ्रॉम अंडर द टेबल’ म्हणजे टेबलाखालून, येथेही तेच. तेव्हा अशी रांग दिसली की घाबरू नका. नामापर्यंत जा आणि तेथून उलटे वाचत या.

प्रत्येक रांग मात्र अशी सरळ उलटत नाही. प्रयोगाच्या सूचनांत कधी ‘अंटिल आफ्टर’ भेटतो: चंबू थंड झाल्यानंतरच हात लावा, एवढेच त्याला सांगायचे असते. ‘थंड झाल्यानंतरपर्यंत’ असे मराठीत कोणी म्हणणार नाही. ‘एक्सेप्ट’ तर मागे कोणालाही घेतो. समांतर पट्ट्यांच्या धारित्रात विद्युतक्षेत्र एकसमान असते, ‘एक्सेप्ट निअर द एजेस’, म्हणजे कडांजवळचा भाग सोडून. येथे त्याच्या मागे प्रिपोझिशन आहे. ‘एक्सेप्ट व्हेन’ असे आले तर कंजंक्शन आहे. हा ‘एक्सेप्ट’ ध्यानात ठेवा, तो थोड्या वेळाने पुन्हा लागणार आहे.

आता सर्वांत घातक जोडीकडे वळू: ‘अंटिल’ आणि ‘अनलेस’. मराठीत आपण म्हणतो, ‘जोपर्यंत बल 20 न्यूटनच्या वर जात नाही, तोपर्यंत ठोकळा हलत नाही.’ मोजा, ‘नाही’ दोनदा आला. इंग्रजीत ‘नॉट’ एकदाच येतो: ‘द ब्लॉक डज नॉट मूव्ह अंटिल द फोर्स एक्सीड्स 20 न्यूटन’. ‘अनलेस’च्या तर पोटातच ‘नाही’ आहे. त्याचा अर्थच ‘जर... नसेल तर’ असा. पण मराठीची सवय हात सोडत नाही आणि विद्यार्थी लिहितो, ‘ए बॉडी रिमेन्स ॲट रेस्ट अनलेस ए फोर्स डज नॉट ॲक्ट ऑन इट’. याचा अर्थ काय झाला? बल लावले तर वस्तू स्थिर राहील! एका जास्तीच्या ‘नॉट’ने न्यूटनचा पहिला नियम उताणा पडला. परीक्षकाने गुण कापले तर त्याला दोष देता येणार नाही.

या नियमातल्या ‘अनलेस’ची कथा एवढ्यावर संपत नाही. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ 1687 साली प्रसिद्ध झाला तो लॅटिन भाषेत. न्यूटनच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1729 साली, अँड्र्यू मॉट यांचे इंग्रजी भाषांतर बाहेर आले आणि त्यात या जागी ‘अनलेस’ हा शब्द पडला. पुढे पाठ्यपुस्तकांतूनही तोच रुळला. मूळ लॅटिनमध्ये मात्र तेथे दोन शब्द आहेत: ‘निसी क्वाटेनस’. नुसत्या ‘निसी’चा अर्थ ‘अनलेस’ होईल. पण ‘क्वाटेनस’ म्हणजे ‘जेवढ्यापुरते’. डॅनियल होक या तत्त्वज्ञाने 2023 साली एक निबंध प्रसिद्ध करून या दुसऱ्या शब्दाकडे लक्ष वेधले. त्यांच्या मते या दोन शब्दांचे खरे इंग्रजी ‘एक्सेप्ट इन सो फार ॲज’ असे व्हायला हवे. पाहा ही रांग! सुरुवातीला ‘एक्सेप्ट’, मग ‘इन’ हे प्रिपोझिशन आणि शेवटी ‘ॲज’ हे कंजंक्शन. लांबलचक खरी, पण मराठीत तिचे काम ‘जेवढ्यापुरते... तेवढ्यापुरते’ ही जोडी झकास करते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. ‘अनलेस’ घेतला तर नियम असा वाचला जातो: ज्या वस्तूवर बल नाही, ती स्थिर राहते किंवा सरळ रेषेत एकसमान वेगाने जाते. पण गुरुत्वाकर्षण सर्वत्र पोहोचते. ज्याच्यावर कसलेच बल नाही असा पदार्थ आणायचा कोठून? मग नियम लागू होणार कोणाला? ‘जेवढ्यापुरते’ घेतले की नियम प्रत्येक वस्तूला लागू होतो: वस्तू आपली गती राखते, आणि बल जेवढा बदल घडवून आणते तेवढ्यापुरतीच ती बदलते. न्यूटनने नियमाखाली दिलेली उदाहरणे पाहिली की हे अधिकच पटते. फेकलेले पदार्थ, फिरता भोवरा, ग्रह आणि धूमकेतू. यांतले एकही बलापासून मुक्त नाही.

एक दगड कड्यावरून आडवा, सेकंदाला 10 मीटर वेगाने फेका. पहिल्या सेकंदात गुरुत्व त्याला 4.9 मीटर खाली ओढील. पण आडव्या दिशेत गुरुत्वाचा काहीच हात नाही. हवेचा अडथळा सोडला तर दगड तिकडे पुरते 10 मीटर जाईल. बल खालच्या दिशेला आहे, तेवढ्यापुरताच गतीत बदल झाला. होक यांचे म्हणणे मला पटते. मात्र पुस्तकात ‘अनलेस’ असेल तर परीक्षेत मुकाट्याने ‘अनलेस’च लिहावे!

शेवटी एक वाक्य तुमच्यासाठी: ‘द सन अट्रॅक्ट्स द मून मोअर दॅन द अर्थ’. हे खरे की खोटे? ‘दॅन’ हा प्रिपोझिशन आणि कंजंक्शन यांच्या सीमेवरचा शब्द. त्याच्या मागचे वाक्य बहुधा गाळलेले असते आणि ते आपणच भरायचे असते. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 3,33,000 पट आहे. पृथ्वी चंद्रापासून जेवढी दूर, त्याच्या सुमारे 390 पट सूर्य दूर. 3,33,000 ला 390 च्या वर्गाने भागा. उत्तर सुमारे 2.2 येते. म्हणजे पृथ्वी चंद्राला ओढते त्याच्या दुपटीहून अधिक बलाने सूर्य त्याला ओढतो. गाळलेला भाग ‘दॅन द अर्थ डज’ असा भरला तर वाक्य खरे आहे. पण ‘दॅन इट अट्रॅक्ट्स द अर्थ’ असा भरला तर? सूर्यापासून पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत आणि पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे 81 पट आहे. तेव्हा सूर्य पृथ्वीला 81 पट जास्त ओढतो आणि वाक्य साफ खोटे ठरते. हेच वाक्य ‘पेक्षा’ वापरून मराठीत लिहून पाहा. तेथेही हीच अडचण येते का, आणि आली तर ती एका प्रत्ययाने कशी सुटते, ते तुमचे तुम्हीच शोधा.