सेवा-पाठ : सीडीवर थेट छपाई चांगली कशी यावी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुपौर्णिमा आषाढात येते आणि आषाढ म्हणजे धो धो पाऊस. गोव्याची आणि बेळगावकडची केंद्रं तर त्या दिवसांत ओल्या भिंतींशीच झगडत असतात. प्रवचनांच्या आणि भजनांच्या सीड्या करायचं काम नेमकं तेव्हाच अंगावर येतं. ओली हवा आणि शाईची छपाई यांचं जमत नाही. म्हणून हा पाठ थोडा आधीच देत आहोत.

तरुण मंडळी विचारतात, आता सीडी कोण ऐकतो? सगळं तर मोबाइलवर आहे. खरं आहे. पण आपल्या प्रत्येक केंद्रात पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आजी-आजोबा आहेत, ज्यांना मोबाइलवर लिंक उघडता येत नाही, पण टीव्हीखालचा प्लेअर मात्र बरोबर लावता येतो. महाराजांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो त्या एका चकतीतून. शिवाय जुन्या कॅसेट आता वाजत नाहीत. फिती चिकटल्या, बुरशी धरली. अशा कित्येक प्रवचनांची सीडी हीच आता मूळ प्रत झालेली आहे. तिच्यावर काय लिहिलंय हे वाचता आलं नाही तर आत काय आहे हे कुणालाच कळणार नाही. यावरून पहिला नियम : जिची दुसरी प्रत नाही अशी सीडी छपाईला घ्यायचीच नाही. आधी तिची नक्कल संगणकावर उतरवा, ती ऐकून बघा, मग नव्या डिस्कवर घ्या आणि छपाई त्या नव्या डिस्कवर करा. जुनी जशी आहे तशी डबीत ठेवून द्या.

पुष्कळ ठिकाणी अजून चिकटवायचे गोल स्टिकर वापरतात. ते बंद करावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टिकर केसभर जरी बाजूला बसला तरी डिस्क फिरताना डुगडुगते. प्लेअर गरम झाला की डिंक सुटतो, कडा उचलली जाते आणि गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये डिस्क अडकून बसते. आणि स्टिकर ओढून काढायला गेलात तर सीडीचा चकाकणारा थरच त्याच्याबरोबर निघून येतो. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुष्कळांचा उलटा समज असतो. सीडीमध्ये आवाज नोंदलेला थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो, तो वरच्या बाजूला, लेबलाच्या अगदी खाली असतो. त्याच्यावर लाखेसारखा एक पातळ थर असतो, बस्स. म्हणून सीडीवर बॉलपेनने लिहिणं म्हणजे नोंदीवरच ओरखडा. डीव्हीडीत दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि नोंद मध्ये असते, त्यामुळे ती वरून थोडी जास्त सोसते. तरी सवय एकच ठेवावी.

थेट छपाईला दोन गोष्टी लागतात. एक, सीडीचा ट्रे असलेला प्रिंटर. एपसनचा एल ८०५ पुष्कळ ठिकाणी आहे, नंतरचा एल ८०५० आहे. कॅननच्याही काही प्रिंटरना ट्रे येतो. साध्या घरगुती प्रिंटरमध्ये ही सोय नसते आणि कागदाच्या वाटेने डिस्क ढकलायचा प्रयत्न तर कुणी करूच नये. दोन, छपाईची डिस्क. दुकानात नुसतं सीडी मागितलं तर साधी देतील. ‘प्रिंटेबल’ असं पाकिटावर बघूनच घ्यावी. तिची वरची बाजू पांढरी, खडूसारखी मऊ दिसते. तो शाई पिणारा लेप असतो. साध्या डिस्कवर शाई नुसती तरंगते आणि बोट लागलं की पुसली जाते. प्रिंटेबलमध्येही दोन जाती आहेत. एकीत पांढरा भाग मधल्या भोकापासून बराच दूर सुरू होतो, दुसरीत जवळजवळ भोकापर्यंत असतो. चित्र तयार करण्याआधी हातातली डिस्क कुठल्या जातीची आहे ते पट्टी लावून मोजा. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास घालायची जागा असते. पांढरा भाग ४६ ते ११६ मिलिमीटर असेल तर तेच आकडे तिथे हवेत. जास्त घातले तर शाई पारदर्शक प्लास्टिकवर आणि ट्रेवर पडते, मग पुढच्या प्रत्येक डिस्कला खालून डाग.

क्रम असा ठेवावा : आधी रेकॉर्डिंग उतरवायचं, मग वाजवून बघायचं, मग छापायचं. उलट केलं तर छापताना लागलेली बोटं आणि धूळ रेकॉर्डिंगच्या वेळी नडते, आणि डिस्क बिघडली तर शाईही वाया. वाजवून बघताना फक्त सुरुवात नको, शेवटची पाच मिनिटंही ऐका. बिघाड बहुधा बाहेरच्या कडेला निघतो, आणि सीडी आतून बाहेर वाजत जाते. आणखी एक, साध्या ऑडिओ सीडीत ८० मिनिटंच मावतात. दीड तासाचं प्रवचन दोन डिस्कवर जाणार असेल तर ‘१ पैकी’ आणि ‘२ पैकी’ हे दोन वेगळे साचे लागतील. हे छापायला बसण्याआधी ठरवा.

आता चित्राबद्दल, कारण खरी गंमत आणि खरी चूक इथेच होते. चौरस चित्र घ्या, १२ सेंटिमीटर बाजूचं, ३०० डीपीआयला म्हणजे सुमारे १४१७ बाय १४१७ ठिपके. त्याहून लहान चित्र ताणलं तर कडा फुटतात. मध्यभाग मोकळा जाणार हे डोक्यात ठेवा. भोकाच्या खाली साधारण साडेतीन सेंटिमीटरची पट्टी मिळते, डाव्या-उजव्या बाजूला तेवढीच. मजकूर तिथे बसवायचा.

इंग्रजी सीड्यांवर मजकूर कडेने गोल फिरवलेला असतो. ते बघून आपल्याकडेही तसं करायची हौस येते. देवनागरीला ते सोसत नाही. अक्षरं गोलाईवर बसवली की प्रत्येक अक्षराशी शिरोरेषा तुटते, वेलांट्या एकमेकींत शिरतात, जोडाक्षर सुटतं. सरळ ओळी लिहा. त्या वाचायलाही सोप्या. गडद रंगावर पांढरी अक्षरं छान दिसतात ती पडद्यावर. छापताना शाई थोडी पसरते आणि अनुस्वार, मात्रा बुजून जातात. पांढऱ्यावर काळी किंवा गडद जांभळी अक्षरं, जाड वळणाची, हे सगळ्यात बरं. क्रमांक मोठा ठेवा, ३० पॉइंटचा तरी, कारण आजोबा चष्मा शोधत नाहीत, ते फक्त आकडा बघतात. त्याखाली तारीख, ठिकाण, विषय आणि किती मिनिटं एवढंच पुरे. सगळी भजनं यादी करून डिस्कवर कोंबू नयेत. यादी पाकिटातल्या कागदावर.

फॉन्टचं एक दुखणं सगळ्याच केंद्रांना माहीत आहे. एकाने श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये मजकूर केला आणि दुसऱ्या गावच्या संगणकावर तो उघडला की नुसते चित्रविचित्र आकार. युनिकोडमध्येच टाइप करा, आणि फाइल पाठवताना पीएनजी किंवा पीडीएफ करून पाठवा. मग इंदूरला केलेला साचा हैदराबादला जसाच्या तसा उघडतो. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलंत तर ते दाबून लहान होतं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

महाराजांचा फोटो डिस्कवर घ्यावा का? आम्हाला नको वाटतो. भोक मध्ये असल्याने फोटो एका बाजूला ओढावा लागतो, तिथे तो लहान होतो आणि लेपावर चेहऱ्याचा रंग मळकट येतो. ही झाली तांत्रिक बाजू. दुसरी अशी की डिस्क ही वापरायची वस्तू आहे. ती घासते, हातातून पडते, कधी वाजायची बंद होते. मग तिचं करायचं काय? चेहरा असला की टाकवत नाही आणि मग कुणीतरी ती निर्माल्याबरोबर नदीत सोडतं. ते प्लास्टिक आहे, विरघळत नाही, नर्मदेत नाही आणि मांडवीतही नाही. फोटो पाकिटावर छापा, तो कागद घरी देवघरात ठेवता येतो. ज्यांचा फोटोचा आग्रह आहे त्यांचा भाव आम्ही समजतो, पण आमच्या केंद्रातून निघणाऱ्या डिस्कवर फक्त अक्षरं असतात.

छपाईच्या वेळी आधी नोझल तपासणीचा कागद काढा. त्यात एखादी रेघ तुटकी असेल तर डिस्कवर पट्टे येणारच. सफाई करून पुन्हा बघा. ग्वाल्हेर-इंदूरकडे वैशाख-ज्येष्ठात प्रिंटर आठवडाभर बंद राहिला की शाई तोंडाशी सुकते. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणाने. भिंतीवरचं बटण आधी दाबलं तर शाईचं तोंड झाकलं जात नाही. ही एवढी सवय लावली तर अर्ध्या तक्रारी येणार नाहीत.

पहिली छपाई कागदावर घ्या आणि त्यावर डिस्क ठेवून बघा. चित्र इकडे-तिकडे सरकलं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये जागा सरकवायची सोय असते, अर्धा-एक मिलिमीटर करत बसवा. एकदा बसलं की आकडे प्रिंटरवर कागद लावून लिहून ठेवा, पुढच्या सेवेकऱ्याचा वेळ वाचेल. ट्रे सपाट असावा. उभा टेकवून ठेवलेला ट्रे वाकतो आणि मग काही केल्या छपाई मध्ये बसत नाही. प्रिंटर सुरू होताना ट्रे आत नसावा. तो मागेल तेव्हाच द्यावा.

कागदाचा प्रकार विचारला जातो तिथे सीडी-डीव्हीडी हाच पर्याय निवडा. ‘ग्लॉसी फोटो’ निवडलं की रंग छान येईल असं वाटतं. प्रत्यक्षात शाई जास्त पडते, लेपाला ती पिता येत नाही आणि वर ओल राहते. भगवा पडद्यावर झळाळतो आणि डिस्कवर विटकरी येतो ही तर नेहमीची तक्रार. चित्रात थोडा पिवळा वाढवा, सगळं चित्र जरा उजळ करा आणि एका डिस्कवर बघून मगच शंभर लावा. नवीन गठ्ठा उघडला की पुन्हा एक छापून बघायची, कारण पांढरा लेप प्रत्येक गठ्ठ्याचा सारखा नसतो.

हात. आरतीला बसून उठलं की बोटांना तेल, कुंकू, अत्तर काहीतरी असतंच. लेपावर तेलकट बोट लागलं तर तिथे शाई धरत नाही, फिकट ठसा उमटतो आणि तो नंतर जात नाही. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करून बसावं, डिस्क कडेनेच धरावी. धूळ मऊ ब्रशने झटकावी. फुंकर मारू नये, थुंकीचा कण पडतो.

आणि वाळवणं. एपसनही २४ तास वाळू द्यायला सांगतं. पावसाळ्यात आम्ही दोन दिवस धरतो, कोकणपट्टीत तीन. वरून हाताला कोरडं लागतं पण आत ओल असते. अशी डिस्क एकमेकींवर रचली की वरचीच्या चकचकीत बाजूला खालचीची शाई लागते आणि दोन्ही गेल्या. रिकाम्या डबीच्या दांड्यावर प्रत्येक डिस्कनंतर नळाचा मोठा रबरी वायसर घालत गेलात तर मध्ये हवा खेळते. वायसर भोकाभोवतीच्या न छापलेल्या कड्यावरच बसेल एवढा हवा. उन्हात ठेवायचं नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, उष्णतेने डिस्क वाकते. कोऱ्या डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढाव्यात. लेप हवेतली ओल आधीच प्यायलेला असेल तर शाई पसरणार.

ही शाई पाण्याला टिकत नाही, ओला हात लागला तरी फुटते. चकचकीत आवरणाच्या डिस्क पाण्याला बऱ्याच टिकतात, पण महाग पडतात. ज्या संग्रहात ठेवायच्या त्यांच्यापुरत्या घ्याव्यात. वरून वॉर्निशचा फवारा मारायचा सल्ला काही जण देतात. त्याचे कण खालच्या बाजूला जातात, आम्ही त्या वाटेला जात नाही.

एका डिस्कला दोन-तीन मिनिटं धरली तर शंभर डिस्कना चार-पाच तास, म्हणजे दोन सेवेकऱ्यांच्या दोन बैठका. त्यात वाळवण आणि पाकिटं भरणं मिळवा. पौर्णिमेच्या निदान १० दिवस आधी छपाई संपलेली असावी. टपालाने पाठवायच्या असतील तर आणखी आधी. पाकीट कागदाचं, खिडकीवालं चालेल, पण डिस्क पूर्ण वाळल्याशिवाय आत घालू नये, खिडकीचं प्लास्टिक चिकटतं.

साध्या अक्षरांचा कोरा साचा आम्ही करून ठेवला आहे. ज्या केंद्राला हवा असेल त्यांनी गटावर निरोप टाकावा, आणि आपल्या डिस्कच्या पांढऱ्या भागाचा आतला-बाहेरचा व्यास सोबत लिहावा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥