वारसा, नामनिर्देशन आणि कायदेशीर साहाय्य : भिलाईतील कामगार कुटुंबांच्या संदर्भात

आर्थिक विकासाच्या चर्चेत बचत व गुंतवणूक यांना मोठे स्थान असते. परंतु आयुष्यभर केलेली बचत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या हाती कशी पोहोचते, याकडे सहसा लक्ष जात नाही. मार्च २०२४ अखेर, दहा वर्षे कोणीही दावा न केल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग झालेल्या ठेवींची रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. वारसांना खात्याची माहिती नसणे किंवा दावा कसा करावा हे न उमगणे, हे त्यामागील एक कारण होय.

भिलाईसारख्या औद्योगिक नगरात हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा होतो. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे विदर्भाशी या भागाचे संबंध जुने आहेत. तिकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाची मालमत्ता अनेकदा विखुरलेली असते. भविष्यनिर्वाह निधी कारखान्याकडे, ठेवी बँकेत, घर वसाहतीत भाडेपट्ट्यावर, तर वडिलोपार्जित शेती भंडारा वा नागपूर जिल्ह्यात. मृत्यू पूर्वसूचना देऊन येत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातील स्फोटात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. अशा वेळी शोकाकुल पत्नीसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणत्या कार्यालयात कोणता कागद न्यावयाचा, हा.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे

सर्वसामान्य समजूत अशी की, खात्यावर ज्याचे नाव लावले त्याचाच पैसा. ही समजूत बरोबर नाही. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम दिली की बँक जबाबदारीतून मुक्त होते. वारसांचे आपसातील हक्क मात्र कायम राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याच्या संदर्भात हे तत्त्व मांडले. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात समभाग व म्युच्युअल फंडांनाही ते लागू असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. विम्याबाबत मात्र २०१५ च्या सुधारणेने आईवडील, जोडीदार व मुले या नामनिर्देशितांना वेगळा दर्जा दिला असल्याने विम्याच्या दाव्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

एक उदाहरण पाहू. एका हिंदू कामगाराने मृत्युपत्र केलेले नाही. त्याच्या स्वकष्टार्जित ठेवी २० लाख रुपयांच्या असून नामनिर्देशन पत्नीच्या नावे आहे. मागे आई, पत्नी, मुलगा व विवाहित मुलगी आहेत. बँक पूर्ण रक्कम पत्नीला देईल. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार हे चौघेही प्रथम वर्गाचे वारस असल्याने प्रत्येकाचा वाटा ५ लाख रुपयांचा होतो. व्यवहारात वृद्ध आई व विवाहित मुलगी यांचा हक्क सर्वांत आधी विसरला जातो. याउलट, मुलगाच सर्व पाहून घेईल या भरवशावर कागदावर सह्या करणारी पत्नी स्वतःचा वाटा गमावून बसते. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ समजून घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

प्रोबेट आणि वारसा प्रमाणपत्र

मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाने दिलेली अधिकृत मान्यता म्हणजे प्रोबेट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मुळे हिंदूंसाठी ते प्रामुख्याने मुंबई, कोलकाता व चेन्नई या क्षेत्रांशी निगडित मृत्युपत्रांना सक्तीचे होते. दुर्ग वा नागपूर येथे ती सक्ती नव्हती. २०२५ अखेर संसदेने हे कलमच वगळले. तथापि मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि वाद निर्माण झाल्यास ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. नोंदणी ऐच्छिक असली, तरी ती उपयुक्त ठरते.

मृत्युपत्र नसल्यास बँक ठेवी, समभाग व येणे रकमांसाठी वारसा प्रमाणपत्र मिळविता येते. मृत व्यक्ती जेथे सामान्यतः राहत होती तेथील न्यायालयात अर्ज करावयाचा असतो; म्हणजे भिलाईतील रहिवाशासाठी दुर्ग येथे. हे प्रमाणपत्र संपूर्ण भारतात चालते. नागपूरच्या बँकेतील ठेवीसाठी तेथे वेगळा अर्ज करावा लागत नाही. स्थावर मालमत्तेसाठी मात्र ते उपयोगी पडत नाही.

प्रत्येक वेळी न्यायालयात जाण्याचीही गरज नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निदेशांनुसार नामनिर्देशन नसले तरी, वाद नसल्यास, किमान १५ लाख रुपयांपर्यंतचे दावे (सहकारी बँकांत ५ लाख) सोप्या पद्धतीने निकाली काढावयाचे आहेत. सर्व कागदपत्रे मिळाल्यावर त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. विस्मृतीत गेलेल्या ठेवींचा शोध 'उद्गम' या संकेतस्थळावर घेता येतो.

घर आणि शेती

वसाहतीतील भाडेपट्ट्याच्या घराचे हस्तांतरण भाडेपट्ट्याच्या अटींनुसार होते. त्यासाठी कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडे अर्ज करावा लागतो. मालमत्ता करासाठी महानगरपालिकेच्या दप्तरी झालेली नावातील दुरुस्ती म्हणजे मालकी नव्हे. महाराष्ट्रातील शेतीसाठी संबंधित तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीची वर्दी द्यावी लागते. सातबाऱ्यावर केवळ गावी राहणाऱ्या भावांची नावे चढली, म्हणून इतरांचा हक्क नष्ट होत नाही. मात्र विलंबाने तो सिद्ध करणे खर्चाचे होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना २००५ च्या सुधारणेने मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे.

साहाय्य कोठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग यांच्याप्रमाणेच औद्योगिक कामगारांनाही मोफत विधी सेवेचा हक्क आहे. या गटांना उत्पन्नाची अट नाही. दिवंगत कामगाराच्या पत्नीला व आईला वकील तसेच न्यायालयीन शुल्क यांसाठी दुर्ग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. वारसांतील वाद लोकअदालतीत तडजोडीने मिटल्यास तो निवाडा अंतिम असतो आणि दाखल दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम मृत्यू प्रमाणपत्राच्या पुरेशा प्रती घ्याव्यात. त्यानंतर मालमत्ता व कर्जे यांची यादी करावी. मग निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी व विमा यांचे दावे दाखल करावेत. वाटणीचा निर्णय त्यानंतर, सर्व वारसांच्या उपस्थितीत व्हावा.

नामनिर्देशन अद्ययावत ठेवणे, साधे मृत्युपत्र करणे आणि खात्यांची यादी घरात सांगून ठेवणे, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. कामगार संघटना, महिला मंडळे व बँक शाखा यांनी निवृत्तीपूर्व मार्गदर्शनात हा विषय समाविष्ट केल्यास कष्टाची कमाई कोर्टकचेरीत अडकून न पडता हक्काच्या माणसांपर्यंत वेळेवर पोहोचेल.