मांजर आणि घरातील विषे

धान्याच्या कोठीची उंदरांपासून राखण करणारी मांजर पुष्कळदा रोगाने नव्हे, तर घरातील विषाने दगावते. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

1. उंदरांचे विष : झिंक फॉस्फाइडच्या आमिषाने मेलेला उंदीर खाल्ल्यास मांजरीच्या पोटातील आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. यावर नेमका उतारा नाही. म्हणून आमिष बिळात टाकून बिळाचे तोंड बुजवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

2. माणसांची औषधे : तापलेल्या मांजरीस पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. तिच्या यकृतास हे औषध पचविता येत नाही व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते. एक गोळीही प्राणघातक ठरते. तोंड सुजणे, हिरड्या तपकिरी होणे व धाप लागणे ही लक्षणे होत.

3. गोचिडांची औषधे : गुरांसाठी आणलेले सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन मांजरीच्या अंगास लावू नये. त्याने कंप सुटून झटके येतात.

विषबाधेची शंका येताच तेल अथवा मिठाचे पाणी पाजण्यात वेळ दवडू नये. औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन मांजरीस तात्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.